नोंदींचा साठा कोणाच्या ताब्यात?

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. पाणी कोठे साठवावे, त्याची राखण कोणी करावी आणि ते सोडण्याचे दार कोणाच्या हाती असावे, या प्रश्नांवर येथील गावांनी पिढ्यान्‌पिढ्या विचार केला आहे, प्रसंगी भांडणेही केली आहेत. गेल्या काही वर्षांत साठवणुकीचा हाच प्रश्न दुसऱ्याच एका वस्तूच्या बाबतीत गावापर्यंत येऊन ठेपला आहे. ती वस्तू म्हणजे नोंद. सभासदाचे कर्जखाते, जमिनीचा सातबारा, आधारभूत खरेदी केंद्रावर धान देण्यासाठी केलेली नोंदणी, मच्छीमार संस्थेतील वाटणीचा हिशेब, हे सारे वहीतून उठून संगणकात गेले. पण संगणकात म्हणजे नेमके कोठे, हा प्रश्न संस्थेच्या सभेत कोणी विचारीत नाही. तो तांत्रिक आहे, तज्ज्ञांनी पाहावा, अशी समजूत आहे. ही समजूत सोयीची असली तरी खरी नाही.

घडले काय ते प्रथम पाहू. २०१८ च्या महाराष्ट्र दिनी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि तलाठ्याच्या दप्तरातील सर्वांत महत्त्वाचा कागद दूरच्या सर्व्हरवरून उतरवून घेण्याची वस्तू बनला. त्याच वर्षी जानेवारीत राज्य सरकारने सरकारी खात्यांची माहिती खाजगी कंपन्यांच्या क्लाउडवर ठेवण्यास वाट करून देणारे धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारे हे देशातील पहिले राज्य, असा गौरवही तेव्हा झाला. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. आरंभी ६३,००० संस्था आणि २,५१६ कोटी रुपये असा तिचा व्याप होता, पुढे तो वाढला. साऱ्या देशातील गावोगावच्या सेवा सहकारी संस्थांनी नाबार्डच्या देखरेखीखाली तयार झालेल्या एकाच क्लाउड-आधारित प्रणालीवर यावे, अशी तिची रचना आहे. गटसचिवाच्या खोलीतील लोखंडी कपाटात असणारे खतावणीचे पुस्तक यापुढे कपाटात असणार नाही.

यात वाईट काही नाही. कपाटातील खतावणीला वाळवी लागत होती, पानेही फाटत होती आणि कधी कधी फाडलीही जात होती. ज्यांनी संस्थांचे लेखापरीक्षण जवळून पाहिले आहे त्यांना जुन्या वहीचे प्रेम फार काळ टिकवता येणार नाही. प्रश्न वहीकडे परत जाण्याचा नाहीच. तो पुढचा आहे आणि केवळ सरकारी योजनेपुरताही नाही. भंडारा, तुमसर, साकोलीसारख्या ठिकाणी आज संगणकशास्त्र शिकलेली मुले-मुली आहेत. ती पतसंस्थेसाठी, दूध संस्थेसाठी, भातगिरणीसाठी, एखाद्या वाचनालयासाठी सॉफ्टवेअर लिहून देतात. असे प्रत्येक काम हाती घेताना त्यांना आणि त्यांना काम देणाऱ्या संस्थेला एक निवड करावीच लागते: माहिती स्वतःच्या कार्यालयात डिस्कच्या संचावर ठेवायची की क्लाउडवर जागा भाड्याने घ्यायची? व्यवहारात ही निवड बहुधा विक्रेत्याच्या बोलण्यावर होते. ती कशावर व्हावयास हवी, हे सांगण्यासाठी दोन्ही गोष्टी आतून कशा चालतात ते थोडे तपशिलाने पाहणे अवश्य आहे.

डिस्कच्या संचाची मूळ कल्पना १९८८ सालची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी त्या वर्षी एक निबंध मांडला. (योगायोग असा की गोसीखुर्द धरणाची पायाभरणीही त्याच वर्षी, २२ एप्रिलला झाली.) मोठ्या संगणकाला लागणारी एकच महागडी डिस्क विकत घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात आणि त्यांतील एखादी बिघडली तरी माहिती बुडू नये अशी योजना करावी, हे त्यांचे म्हणणे. या रचनेला धंद्यात ‘रेड’ म्हणतात. तिची युक्ती गटसचिवाला लगेच समजेल अशी आहे. तीन वह्यांत तीन आकडे लिहिले आणि चौथ्या वहीत त्यांची बेरीज लिहून ठेवली, तर चारांपैकी कोणतीही एक वही जळाली तरी उरलेल्या तीन वह्यांवरून तिच्यातील आकडा काढता येतो. डिस्कच्या संचात बेरजेऐवजी बिटांचे गणित असते, एवढाच फरक. याहून सुरक्षित प्रकारात दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी निभावते.

मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडणारी, स्वस्त आणि साध्या साधनांतून भरवसा निर्माण करणारी ही कल्पना आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिच्याविषयी एक मोठा गैरसमज सर्वत्र आढळतो. डिस्क बिघडण्यापासून ती वाचवते. माणसाच्या चुकीपासून वाचवत नाही. चुकून एखादे खाते पुसले तर ते संचातील सर्व डिस्कवरून त्याच क्षणी, अगदी प्रामाणिकपणे पुसले जाते. चोराने संगणक उचलून नेला तर चारही वह्या एकदम जातात. शिवाय एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या डिस्क बरोबरच म्हाताऱ्या होतात. वीस टेराबाइटची एक डिस्क बदलल्यावर सेकंदाला दोनशे मेगाबाइट या वेगाने ती पुन्हा भरावयास अठ्ठावीस तासांच्या आसपास लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर पूर्ण ताण असतो. दुसरी डिस्क नेमकी याच वेळी दगा देते, हा अनुभव या व्यवसायात नवा नाही.

आता याला भंडाऱ्याची परिस्थिती जोडून पाहावी. येथे मे महिन्यात कार्यालयाच्या बंद खोलीत काय तापमान असते हे वेगळे सांगावयास नको. वीज जाते, येते, येताना झटका देऊन येते. आणि पाणी आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुराने भंडारा शहराचा मोठा भाग बुडाला होता. वर मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून पाणी सोडलेले, खाली गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडलेले, आणि मध्ये शहर. अशा वेळी तळमजल्यावरील कार्यालयात ठेवलेला डिस्कचा संच कितीही हुशारीने जोडलेला असो, त्याची हुशारी पाण्याखाली चालत नाही.

हे केवळ लहान गावाचे दुखणे आहे असेही नाही. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन शहरातील सरकारी माहिती केंद्राला आग लागली. वीजपुरवठा अखंड ठेवण्यासाठी असलेल्या लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना ती भडकली. ७०९ शासकीय प्रणाली बंद पडल्या. सरकारी नोकरांनी आपली कामाची कागदपत्रे ठेवावीत म्हणून शासनाने स्वतः उभारलेला एक साठा तेथे होता. त्यातील ८५८ टेराबाइट माहिती गेली. तिची दुसऱ्या ठिकाणी प्रत नव्हती. प्रत का नव्हती, याचे अधिकृत उत्तर असे की साठा फार मोठा असल्याने प्रत ठेवणे शक्य झाले नाही. आणि या साठ्याला तेथे क्लाउडच म्हणत होते! नाव मेघाचे असले तरी वस्तू एका इमारतीत होती, आणि इमारत जळाली.

नावाचा विषय निघालाच आहे तर सांगावयास हरकत नाही की भारत सरकारने आपल्या क्लाउड योजनेला ‘मेघराज’ असे नाव दिले आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला या नावातला विनोद कळेल. मेघराज कोठे बरसावा हे त्याने कधीच ठरवलेले नाही.

क्लाउड म्हणजे वस्तुतः काय? दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीच्या प्रचंड इमारतींत, दुसऱ्याच कोणाच्या तरी हजारो डिस्कवर भाड्याने घेतलेली जागा. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये अशी साठवणूक प्रथम बाजारात आणली. २०१६ पासून तिची केंद्रे मुंबईत आहेत, मायक्रोसॉफ्टची त्याआधी एक वर्ष पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आली. येथे माहितीचा प्रत्येक तुकडा एकापेक्षा अधिक इमारतींत विभागून ठेवला जातो. त्यामुळे एक डिस्क, एक कपाट किंवा एक इमारत गेली तरी नोंद टिकते. तुकडा नष्ट होण्याची शक्यता किती कमी आहे हे सांगताना कंपन्या नव्याण्णव टक्के आणि दशांश चिन्हापुढे नऊ वेळा नऊ असा आकडा देतात. यंत्राच्या बाजूने पाहिले तर या दाव्यात अतिशयोक्ती फारशी नाही. भंडाऱ्याच्या तळमजल्यावरील कोणताही संच त्याच्या जवळपास जाणार नाही.

भाडेही लहान संस्थेला जड नाही. मुंबई केंद्राच्या प्रसिद्ध दरपत्रकात नेहमीच्या साठवणुकीचा दर एका गिगाबाइटला महिन्याला अडीच अमेरिकी सेंटच्या आसपास आहे. पन्नास गिगाबाइटला महिना सवा डॉलर, म्हणजे चहापाण्याचा खर्च. मात्र त्याच दरपत्रकात दुसरी एक ओळ आहे, ती विक्रेता सहसा वाचून दाखवीत नाही. ठेवलेली माहिती इंटरनेटवरून बाहेर काढावयाची असेल तर महिन्यातील पहिल्या शंभर गिगाबाइटनंतर प्रत्येक गिगाबाइटला अकरा सेंटच्या आसपास द्यावे लागतात. म्हणजे एखादी वस्तू कोठारात चार महिने ठेवण्याचे जे भाडे, त्याहून अधिक ती दारातून बाहेर आणण्याचे! २०२४ साली गूगल आणि ॲमेझॉन यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांना हे शुल्क माफ करण्याचे जाहीर केले, ते युरोपातील नियमनाच्या दडपणाची छाया असताना. रोज ये-जा करणाऱ्याला ते भरावेच लागते. आत येणे मोफत आणि बाहेर जाणे महाग, ही व्यापाराची रीत भंडाऱ्यातील शेतकऱ्याने सावकाराच्या वहीत पाहिलेली आहे.

पण पैशांपेक्षा मोठा प्रश्न दाराचा आहे. जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले, कारण तिच्या भागभांडवलात रशियन कंपनीचा मोठा हिस्सा आहे. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. कंपनी भारतात नोंदलेली. भारतीय कायद्याने तिच्यावर कोणतेही बंधन नव्हते. परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेले असल्याचे तिचे म्हणणे होते. तरीही तिच्या कर्मचाऱ्यांना स्वतःचाच पत्रव्यवहार आणि माहिती उघडता येईना. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. या कंपनीविषयी प्रेम बाळगण्याचे काही कारण नाही. परंतु एका बलाढ्य उद्योगाला जे आठवडाभर सोसावे लागले ते एखाद्या पतसंस्थेच्या वाट्याला आले तर ती कोणत्या न्यायालयात, कोणत्या वकिलाला घेऊन जाणार?

सहकारी क्षेत्राला याहून जवळचा धडा त्याआधी एक वर्ष मिळालेला होता. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवापुरवठादाराच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला असावा, या कारणाने राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तोडले. ही कंपनी टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांची संयुक्त. तिच्या ग्राहकांत सहकारी व ग्रामीण बँका. परिणामी देशभरातील सुमारे तीनशे लहान बँकांचे यूपीआय आणि अन्य देयक व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी ते सुरू झाले, हे खरे. पण तीनशे बँकांनी आपापल्या गावात कोणतीही चूक केली नव्हती. सर्वांनी आपला भार एकाच खांबावर टाकला होता, इतकेच.

हे ऐकून काही कार्यकर्ते चटकन म्हणतील, मग स्वतःचेच बरे. स्वावलंबन हेच खरे. येथे जिल्ह्यातील तलावांची कथा नीट आठवावी लागते.

मालगुजारी तलाव आज जिल्ह्याच्या अभिमानाचा विषय आहेत. कोहळी समाजाच्या कौशल्यातून, गोंड राजांच्या आश्रयाने पूर्व विदर्भात असे हजारो तलाव उभे राहिले. उतार हेरून घातलेली मातीची पाळ, जादा पाण्यासाठी सांडवा, एका तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावात जाईल अशी मांडणी. कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाने धडा घ्यावा अशी ती विद्या होती. पण ‘मालगुजारी’ हे नाव विसरून चालणार नाही. ब्रिटिश अमदानीत पाण्याचे दार मालगुजाराच्या हाती होते, आणि गाळ काढणाऱ्या, पाळ बांधणाऱ्या हातांना त्या दारावर अधिकार नव्हता; जो होता तो निस्ताराचा, तोही मालगुजाराच्या कलाने. भंडारा जेव्हा मध्य प्रदेशात होता तेव्हा १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. तलाव सरकारचे झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे आले. मालकी बदलली ती न्याय्यच होती. पण दरवर्षीची दुरुस्ती कोणी करायची, हे ठरवताना गाव बाजूला राहिले. पाळी फुटल्या, गाळ साचला, पोटात अतिक्रमणे झाली. जेथे मच्छीमार संस्थांनी आणि गावाने पुन्हा लक्ष घातले तेथील तलाव सावरले. दुसरीकडे गोसीखुर्दसारख्या मोठ्या साठ्याच्या काठी घरे-शेते गमावलेली गावे आणि कालव्याच्या पाण्यासाठी दशके थांबलेले शेतकरी आहेत. लहान तलाव चांगला आणि मोठे धरण वाईट असा सोपा निकाल या इतिहासातून निघत नाही. निघते ते इतकेच की दार कोणाच्या हाती आणि गाळ कोण काढणार, हे दोन प्रश्न ज्याने आधी विचारले नाहीत त्याचे दोन्हीकडे नुकसान झाले.

डिस्कचा संच विकत घेणारी संस्था दार आपल्या हाती ठेवते, पण गाळ काढण्याची जबाबदारीही घेते. डिस्कवरील सूचनेचा लाल दिवा कोण पाहणार, बदली डिस्क कपाटात आहे काय, ज्या मुलाने हे सारे बसवून दिले तो पुण्याला नोकरीला गेल्यावर परवलीचा शब्द कोणाला ठाऊक आहे? या प्रश्नांना उत्तरे नसतील तर स्वावलंबनाच्या नावाने विकत घेतलेली ती एक लोखंडी पेटी आहे. क्लाउड घेणारी संस्था गाळाच्या चिंतेतून सुटते, आणि दार दुसऱ्याला देते.

मोठ्या प्रकल्पांचा हिशेब वेगळा असतो. ड्रॉपबॉक्स या अमेरिकी कंपनीने आपल्या ग्राहकांची बहुतांश माहिती ॲमेझॉनच्या साठ्यातून काढून २०१६ च्या सुमारास स्वतःच्या यंत्रांवर आणली. पुढील दोन वर्षांत त्यामुळे सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचले, असे तिने २०१८ मध्ये भागविक्रीच्या कागदपत्रांत नमूद केले. थर्टीसेव्हन सिग्नल्स या तुलनेने लहान कंपनीचे क्लाउडचे वार्षिक बिल २०२२ मध्ये ३२ लाख डॉलरच्या आसपास गेले, तेव्हा तिनेही स्वतःची यंत्रे घेण्याचा निर्णय केला. साठा प्रचंड असेल, तो दरवर्षी सारख्याच गतीने वाढत असेल आणि सांभाळणारी माणसे पगारावर असतील तर भाड्यापेक्षा मालकी स्वस्त पडते. यात आश्चर्य नाही. घराच्या बाबतीतही हेच खरे असते. पण या उदाहरणांचा दाखला देऊन लाखांदूरच्या पतसंस्थेला लाखाच्या घरातला डिस्कचा संच विकणारा विक्रेता तिची दिशाभूल करतो.

समजा, पवनी तालुक्यातील एका मच्छीमार सहकारी संस्थेसाठी कोणी तरुणी सॉफ्टवेअर लिहीत आहे. सभासद तीनशे. रोजची मासळी, वाटणी, तलावाचा ठेका, बियाण्याचा खर्च, बोनस. या आकड्यांची दहा वर्षांची नोंद एका गिगाबाइटमध्येही आरामात मावेल. सभासदांचे फोटो आणि पावत्यांच्या प्रती धरल्या तरी पन्नासाच्या पुढे जाणार नाही. येथे रोजचा वापर क्लाउडवर असावा, हेच शहाणपणाचे. पण त्याबरोबर त्याच नोंदींची पूर्ण प्रत दर रात्री, किंवा जोडणी चांगली असेल त्या वेळी, संस्थेच्या मालकीच्या एका साध्या डिस्कवर उतरावी. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर काढून ती अध्यक्षांच्या घरी, दुसऱ्या मोहल्ल्यात, पुराच्या रेषेच्या वर ठेवावी. ती प्रत कुलूपबंद म्हणजे सांकेतिक असावी, पण किल्ली एका व्यक्तीजवळ नसावी. आणि नोंदी अशा स्वरूपात उतराव्यात की उद्या ही तरुणी नसली, हे सॉफ्टवेअर नसले, तरी दुसऱ्या कोणाला त्या उघडता येतील. यासाठी डिस्कचा मोठा संच लागत नाही. लागते ती शिस्त, आणि करारात चार ओळी.

हातची प्रत म्हणजे मागासलेपणा, असे मानणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीकडे पाहावे. सहा लाखांहून अधिक कामगार-कर्मचाऱ्यांची पुंजी सांभाळणाऱ्या या निधीची सारी यंत्रणा गूगल क्लाउडवर, दोन वेगवेगळ्या भौगोलिक ठिकाणी होती. मे २०२४ मध्ये गूगलच्या बाजूने झालेल्या एका मांडणीच्या चुकीमुळे निधीचे खातेच रद्द झाले आणि दोन्ही ठिकाणचा साठा एकदम गेला. इमारत जळाली नाही, डिस्क बिघडली नाही; खाते पुसले, म्हणून दोन्ही प्रती पुसल्या. निधी वाचला तो दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या प्रतीमुळे, आणि तरीही सभासदांना आठवड्याहून अधिक काळ आपले खाते पाहता आले नाही.

प्रत आहे एवढ्यानेही भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत, जिच्याकडे जगभरचे सॉफ्टवेअर लिहिणारे आपले काम ठेवतात, रात्री थकलेल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. तीनशे गिगाबाइटपैकी साडेचार उरले. कंपनीकडे प्रत ठेवण्याच्या पाच पद्धती कागदोपत्री चालू होत्या. त्या दिवशी कळले की कोणतीच भरवशाने चालत नव्हती. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी योगायोगाने काढलेल्या एका प्रतीवरून काम सावरले. मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या. कंपनीने हे सारे लपवले नाही, जाहीरपणे मांडले, म्हणून आज ते सांगता येते. ज्या प्रतीवरून एकदाही काम उभे करून पाहिलेले नाही, ती प्रत आहे असे मानू नये. शेतकरी बियाणे पेरण्याआधी मूठभर दाणे ओल्या पोत्यात उगवून पाहतो. हा व्यवहार संगणकवाल्यांनी त्याच्याकडून शिकावा.

क्लाउड घेतले की जबाबदारीही गेली, असा एक भ्रम संस्थांच्या पदाधिकाऱ्यांत दिसतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्याला जागा ठेवलेली नाही. सभासदाची माहिती गोळा करणारी संस्थाच तिला जबाबदार आहे. ती पुढे कोणाकडे साठवायला दिली याने त्यात फरक पडत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. तयारीला वेळ आहे. तो फार नाही.

राहता राहिली ती सरकारी योजना, जिच्यात गावच्या संस्थेला निवडच नाही. प्रणाली एक, साठा एक, आणि तोही क्लाउडवर. एकसारख्या हिशेबामुळे गटसचिवाच्या मनमानीला आळा बसेल, हा तिचा लाभ मान्य करावयास हवा. पण सहकारी संस्था ही सभासदांची आहे, आणि तिच्या नोंदीही. प्रणाली कोणाचीही असो, संस्थेला आपल्या संपूर्ण नोंदींची वाचता येण्याजोगी प्रत दर महिन्याला, विनाशुल्क, आपल्या डिस्कवर घेता आली पाहिजे, ही मागणी जिल्हा उपनिबंधकांकडे आणि नाबार्डकडे नेण्याजोगी आहे. तीत कोणाचा विरोध करण्यासारखे काहीही नाही. म्हणूनच ती टाळली जाण्याचा संभव अधिक, आणि म्हणूनच ती ठरावाच्या रूपाने, अनेक संस्थांकडून, एकाच वेळी गेली पाहिजे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागतात. त्याआधी जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत निदान एकेका संस्थेत एक छोटा प्रयोग करण्याजोगा आहे. संस्थेच्या नोंदींची शेवटची प्रत मागावी, ती तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या जुन्या संगणकावर, इंटरनेट न जोडता उघडावी, आणि त्यातील वीस खाती सभासदांच्या हातातील पासबुकांशी लावून पाहावीत. प्रत मिळायला किती दिवस लागले, कोणाकोणाच्या सह्या लागल्या, उघडली की नाही, किती खाती जुळली, हे कागदावर उतरवून तो कागद सभेत वाचून दाखवावा.